डिबगच्या ओळी काढणं हेसुद्धा शिकवा: सीमाभागातल्या अभियांत्रिकी प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव आणि सीमाभागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संगणक व इलेक्ट्रॉनिक्स विभागांचे सर्व प्राध्यापक

विषय: कर्नलमधल्या डिबग संदेशांची साफसफाई हा विषय प्रोजेक्ट म्हणून स्वीकारण्याबाबत

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी उद्यमबाग ह्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल बोर्डांचं काम करतो. पंपांची पॅनेलं, फाउंड्रीच्या भट्टीचं तापमान नोंदवणारी यंत्रं, साखर कारखान्यांचे वजनकाटे अशी आमची कामं. बोर्डावर लिनक्स असतं आणि त्यावर ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, काही आम्ही लिहिलेले, बरेचसे बोर्डासोबत आलेले. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुलं आमच्याकडे येतात, तेव्हा तुमच्या शिकवण्याचा फायदा आम्हाला रोज मिळतो. हे पत्र तक्रारीपेक्षा विनंतीचं आहे, पण त्याला निमित्त एका तक्रारीचं आहे.

खानापूर तालुक्यातला शेवटच्या वर्षाचा एक मुलगा सुट्टीत आमच्याकडे शिकायला यायचा. त्यानं प्रोजेक्टसाठी विषय निवडला होता: लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ‘स्टेजिंग’ विभागातला, म्हणजे अजून कच्चा कोड ठेवतात तिथला, एक जुना ड्रायव्हर घ्यायचा, त्यातले डिबग संदेश, म्हणजे चूक शोधताना छापायला घातलेल्या ओळी, नीट करायचे, प्रत्येक बदलाचं कारण लिहायचं आणि पॅच (बदलांच्या फाइली) मूळ प्रकल्पाकडे पाठवायचे. त्याला उत्तर मिळालं, “प्रिंटच्या ओळी पुसणं ह्याला प्रोजेक्ट म्हणत नाहीत. एआयचं काहीतरी घेऊन या.” कुठल्या महाविद्यालयात हे घडलं ते मी लिहिणार नाही. तसं उत्तर देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असंही मला वाटत नाही. पण ते उत्तर चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं ते मला एका काट्यावर कळलं.

चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यावर आमचा बोर्ड बसवलेला होता. गळीत हंगाम ऐन भरात. उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत. आणि काटा दर दोन-तीन तासांनी आपोआप रीबूट व्हायचा. मध्येच कधी वजन शून्यावर अडकायचं. काट्यावरच्या माणसाचा रात्री दीड वाजता फोन आला, “साहेब, काटा परत झोपला बघा. ट्रॅक्टरवाले अंगावर यायलेत, काय करायचं सांगा की आता.” मी गाडी काढली.

बोर्डाला सीरियल केबल लावली आणि स्क्रीनवर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ओळींचा धबधबा. लोडसेलच्या (वजनाच्या सेन्सरच्या) एडीसीकडून, म्हणजे त्याचा सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या चिपकडून, सेकंदाला ८० नमुने येत होते आणि ड्रायव्हर प्रत्येक नमुन्याला तीन ओळी छापत होता: फंक्शनमध्ये शिरलो, स्टेटस एवढा, फंक्शनमधून बाहेर पडलो. ड्रायव्हर बोर्ड पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेला. तिथल्या कुणीतरी टेबलावर बसून तपासताना ह्या ओळी घातल्या आणि माल रवाना करताना त्या तशाच राहिल्या.

आता हिशेब बघा. सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळपास ७ मिलिसेकंद. सेकंदाला ८० नमुने, प्रत्येकी तीन ओळी, म्हणजे १९,२०० अक्षरं. नळातून ११,५२० जातात आणि आपण १९,२०० ओततो आहोत. त्या कर्नलमध्ये प्रिंटकेला (कर्नलच्या छापण्याच्या फंक्शनला) हाक मारली की बहुतेक वेळा हाक मारणाऱ्यालाच ती अक्षरं कन्सोलवर ढकलत उभं राहावं लागायचं. प्रोसेसर एकच कोरचा. तो काटा वाचायचं सोडून छापतच बसायचा, वॉचडॉगला (यंत्र अडकलं की रीबूट करणाऱ्या पहारेकरी टायमरला) वेळेवर थाप मिळायची नाही, आणि वॉचडॉग बिचारा आपलं काम करून बोर्ड रीबूट करायचा.

हे झालं रीबूटचं. वजन शून्यावर का अडकतं ते मात्र कळत नव्हतं, आणि खरं दुखणं तिथं होतं. कर्नलचा लॉग बफर ठराविक मापाचा असतो. आमच्या बोर्डावर तो १२८ केबी होता, बऱ्याच ठिकाणी तेवढाच असतो. भरला की जुनं पुसून नवं लिहितो. सेकंदाला १९,२०० अक्षरांनी १२८ केबी भरायला सात सेकंदही लागत नाहीत. फ्लॅश झिजू नये म्हणून लॉग डिस्कवर लिहिणं आम्हीच बंद ठेवलं होतं. म्हणजे त्या काट्याला सात सेकंदांपूर्वीचं काही आठवतच नव्हतं. बिघाड झाला, काट्यावरच्या माणसानं फोन उचलला, नंबर लावला, तेवढ्यात पुरावा गेला.

माझ्या सोबतीला असलेला तंत्रज्ञ म्हणाला, बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ टाकूया. टाकलं. कन्सोल शांत झाला, रीबूटही थांबले. पण बफर तसाच भरत राहिला, कारण त्या शब्दानं फक्त कन्सोलचं दार बंद होतं. संदेश तयार होतात, आणि बफरमध्ये जागा खातात. शिवाय ड्रायव्हरमधल्या त्या ओळींना पातळीच दिलेली नव्हती. कर्नलमध्ये संदेशांच्या आठ पातळ्या आहेत, ० म्हणजे यंत्रणा कोसळली, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे माहिती, ७ म्हणजे डिबग. पातळी न लिहिता प्रिंटके वापरलं तर कर्नल साधारणपणे तिला ४ समजतो. म्हणजे ‘फंक्शनमध्ये शिरलो’ ही ओळ त्या बोर्डावर इशारा म्हणून नोंदली जात होती, सेकंदाला ८० वेळा. आणि एडीसी उत्तर देत नाही ही खरी चूकसुद्धा त्याच पातळीवर, त्याच तोंडवळ्याची. गाळायचं म्हटलं तरी कशावरून गाळणार?

मग मी ती चूक केली, जी कुठलाही घाईतला माणूस करेल. तिन्ही ओळी सरळ पुसल्या, मॉड्यूल नव्यानं बांधलं, चढवलं. काटा पूर्ण बंद. एकही वजन येईना. बाहेर ट्रॅक्टरांचे हॉर्न चालू. जुनं मॉड्यूल परत घातलं, काटा चालू. पुन्हा नवं, पुन्हा बंद. केवळ छापण्याच्या ओळी काढल्यानं यंत्र कसं मरतं?

पहाटे चारच्या सुमारास कळलं. मधली जी ‘स्टेटस एवढा’ छापणारी ओळ होती, तिच्या कंसात चिपचं स्टेटस रजिस्टर वाचणारी हाक होती. आणि त्या चिपचं स्टेटस रजिस्टर असं की ते वाचलं तरच इंटरप्टची, म्हणजे चिपनं प्रोसेसरला मारलेल्या हाकेची, खूण उतरते. सबंध ड्रायव्हरमध्ये ते रजिस्टर दुसरीकडे कुठंच वाचलेलं नव्हतं. डिबगची ओळच इंटरप्ट मोकळा करत होती. ती गेली, खूण उतरेना, पुढच्या नमुन्याचा इंटरप्ट येईना. उपाय दोन ओळींचा: आधी स्टेटस वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, मग छापायचं असेल तर ते व्हेरिएबल छापायचं.

सर, हे मी इतकं सविस्तर सांगतो आहे कारण ‘ओळी पुसणं’ ह्या दोन शब्दांत काय काय दडलेलं असतं ते ह्यात आहे. ओळी पुसल्या न जाता नुसत्या पीआर-डिबगमध्ये (मागितलं तरच छापणाऱ्या प्रकारात) बदलल्या असत्या तरीही काटा मेलाच असता, कारण डायनॅमिक डिबग (अशा ओळी चालू-बंद करायची कर्नलची सोय) बंद असताना कंसातल्या हाका होतच नाहीत. नवशिक्याला हे कुठलंही पाठ्यपुस्तक सहसा सांगत नाही. प्रत्येक डिबग ओळीसमोर थांबून, हिच्या पोटात काही काम चाललंय का, हे बघावं लागतं. म्हणजे ड्रायव्हर वाचावा लागतो, चिपची डेटाशीट वाचावी लागते. एवढं वाचणारा मुलगा ड्रायव्हर शिकला नाही असं कोण म्हणेल?

दुसरा एक बोर्ड आठवतो. तिथं रीसेट दिल्यावर आणि पहिल्या वाचनाआधी एक छापण्याची ओळ होती. चिपला रीसेटनंतर काही मिलिसेकंदांची उसंत लागायची, आणि ती उसंत कन्सोलवर ओळ छापण्यातच मिळून जायची. कन्सोलचा वेग वाढवला त्या दिवशी चिप सापडेनाशी झाली. तिथं स्पष्ट विलंब लिहायला हवा होता, डेटाशीटमधल्या आकड्यासकट.

ओळी ठेवायच्या कुठल्या, बदलायच्या कुठल्या, ह्याला कर्नलवाल्यांनी बराच विचार करून रीत घालून दिली आहे. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात संदेश छापण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात स्पेलिंग नीट लिहा, संदेशाच्या शेवटी पूर्णविरामाची गरज नाही, आकड्याभोवती उगाच कंस घालू नका, इतक्या बारीक गोष्टी आहेत. ओळ लांब झाली तरी संदेशाचं वाक्य मध्ये तोडू नका असंही त्याच दस्तऐवजात आहे, कारण तोडलं तर ग्रेप करून (शब्द शोधून) ते कोडमध्ये सापडत नाही. रात्री दीड वाजता मला तेच हवं होतं: स्क्रीनवर दिसलेलं वाक्य कोडमध्ये चटकन सापडणं.

यंत्राचा ड्रायव्हर असेल तर नुसत्या प्रिंटकेपेक्षा डेव्ह-एरर, डेव्ह-डिबग वापरावं, कारण मग संदेशासोबत कुठल्या यंत्राचा तो संदेश हे आपोआप येतं. एका पॅनेलमध्ये चार एडीसी असले की त्याची किंमत कळते. वारंवार येऊ शकणारी चूक असेल तर रेटलिमिटचा प्रकार, जो साधारणपणे पाच सेकंदांत दहाच्या वर संदेश जाऊ देत नाही. मेमरी मिळाली नाही असा संदेश ड्रायव्हरनं छापायची गरजच नसते, कर्नलचा मेमरी विभाग स्वतःच मोठ्यानं ओरडतो. ‘फंक्शनमध्ये शिरलो’वाल्या ओळी तर सरळ काढाव्यात. ते काम एफट्रेस हे कर्नलचंच साधन करतं, कन्सोलला हात न लावता, कोडमध्ये एक अक्षर न घालता.

आणि डायनॅमिक डिबग. हे मुलांना दाखवाच. पीआर-डिबग आणि डेव्ह-डिबगची प्रत्येक ओळ एका नियंत्रण फाइलमध्ये नोंदलेली असते, फाइलचं नाव आणि ओळक्रमांकासकट. चालत्या यंत्रावर, रीबूट न करता, मॉड्यूल न बदलता, हवी ती ओळ चालू करा, काम झालं की बंद करा. बंद असताना तिचा खर्च जवळजवळ शून्य, कारण त्या जागी प्रोसेसरला काहीच करू नको अशी सूचना असते. फंक्शनचं नाव हवं असेल तर तेही चालू करताना मागता येतं, म्हणून ते संदेशात लिहायची गरज नाही. थोडी मेमरी जाते, अगदी लहान बोर्डावर त्याचा विचार करावा लागतो. पण आमच्या काट्यावर ही सोय असती तर मी घरूनच दोन ओळी चालू करून पाहिल्या असत्या.

जुन्या ड्रायव्हरांत आणखी एक खोड दिसते. लेखकानं स्वतःचा डिबग मॅक्रो केलेला असतो, डिबग बंद असलं की तो मॅक्रो रिकामा. दिसायला सोयीचं. पण रिकाम्या मॅक्रोतलं काहीच कंपायलर बघत नाही. वर्षभरानं कुणी स्ट्रक्चरमधल्या फील्डचं नाव बदलतं, तिकडे डिबगच्या ओळीत जुनं नाव तसंच राहतं आणि ज्या दिवशी गरज म्हणून डिबग चालू करावं त्याच दिवशी कोड बांधलाच जात नाही. कर्नलमध्ये ह्यासाठी नो-प्रिंटके आहे: छापणं ‘इफ शून्य’ ह्या कधीच खरी न होणाऱ्या अटीत ठेवलेलं, म्हणून छापत काहीच नाही, पण कंपायलरला फॉरमॅट आणि आर्ग्युमेंटं तपासायला लावतो. सी शिकणाऱ्या मुलाला ‘इफ शून्य’चा इतका सुंदर उपयोग दुसरीकडे कुठं दाखवाल?

मेमरीतल्या पत्त्यांचंही सांगतो. पूर्वी डिबग ओळींत पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारं व्हेरिएबल) छापला की कर्नलमधला खरा पत्ता लॉगमध्ये यायचा आणि तो हल्लेखोराच्या कामाचा असायचा. ४.१५ ह्या आवृत्तीपासून साधा पॉइंटर छापला तर खऱ्या पत्त्याऐवजी हॅश केलेला आकडा दिसतो. मुलं गोंधळतात, नेटवर शोधतात, खरा पत्ता छापणारा दुसरा फॉरमॅट सापडतो, तो घालून मोकळी होतात. हा बदल का केला गेला हे सांगणारं कुणी शेजारी हवं.

छापणं ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच आठवण करून देतो: लिनक्सला रिअल टाइम (ठरल्या वेळेत हमखास उत्तर देणारं) बनवणारं काम जवळपास वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर चालू होतं. तुकड्यातुकड्यानं सगळं आत आलं, आणि शेवटच्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक होतं प्रिंटके. कन्सोलवर छापणं सुधारल्यावरच २०२४ साली ६.१२ मध्ये ते काम पूर्णपणे आत घेतलं गेलं. जगातले नामांकित लोक ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं खपले ती गोष्ट आपल्या मुलानं प्रोजेक्टसाठी मागितली होती.

आपल्या मुलांबद्दल एक गोष्ट प्रेमानं सांगावीशी वाटते. त्या खानापूरच्या मुलाच्या कोडमध्ये डिबगच्या ओळी मराठीत होत्या, रोमन अक्षरांत. ‘इथं आलो’, ‘आत गेलो बघ’, ‘हे का शून्य?’ मराठी शाळेतून आलेलं पोर, यंत्राशी मनातल्या भाषेत बोलत होतं. मला ते फार आवडलं. तपासताना तसंच बोलावं, बिनधास्त. पण काम संपल्यावर ‘हे का शून्य?’ ह्या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये उतरायला हवं, प्रश्न लॉगमध्ये राहायला नको. मी त्याला विचारलं, ही ओळ काढायची, ठेवायची की बदलायची? त्यानं प्रत्येक ओळीला कारण दिलं. तीन ठिकाणी मला पटलं नाही, त्यातल्या एका ठिकाणी तोच बरोबर निघाला. तोंडी परीक्षा ह्याहून वेगळी काय असते?

ह्या कामाला मर्यादाही आहे, तीही सांगायला हवी. कोडची रीत तपासणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट चालवून ती म्हणेल ते डोळे मिटून बदलत सुटलं तर मेंटेनर (तो कोड सांभाळणारे) वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या जुन्या ड्रायव्हरचं यंत्र कुणाकडेच नाही, त्यात उगाच ढवळाढवळ केली तर खऱ्या दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांवर नेताना अडचण येते. संदेशाचा बदल आणि वागण्याचा बदल एकाच पॅचमध्ये कधीच मिसळू नये. आमच्या काट्याच्या बाबतीत स्टेटस वाचण्याची दुरुस्ती एक पॅच, आणि ओळी बदलणं दुसरा. म्हणून नवशिक्यानं स्टेजिंगमधून सुरुवात करावी, तिथं असं काम स्वीकारलं जातं. आणि खरा ड्रायव्हर हवा असेल तर हार्डवेअर हातात असावं. ते उद्यमबागेत आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावात आहे. अभ्यासक्रम बदलायचा तर त्याची वाट लांब, ते मला कळतं. पण गाइडच्या हातात जे आहे तेवढं तरी करावं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लॅबमध्ये ‘हॅलो वर्ल्ड’चं मॉड्यूल चढवून झालं की पुढच्याच तासाला त्याला पातळी द्यायला लावा, डायनॅमिक डिबगनं चालू-बंद करायला लावा. साधा लॅपटॉप आणि क्यूईएमयू (लॅपटॉपमध्येच आभासी यंत्र उभं करणारा प्रोग्रॅम) पुरे आहे, बोर्ड नसला तरी चालतं. कुठल्याही प्रोजेक्टच्या शेवटी, सादरीकरणाच्या आधी, डीमेसेज (कर्नलचा लॉग) उघडून दाखवायला सांगा आणि तिथं दिसणाऱ्या प्रत्येक ओळीचं कारण विचारा. आणि एखादा मुलगा हेच काम मुख्य प्रोजेक्ट म्हणून मागेल तर त्याला नाही म्हणू नका. त्याचे पॅच मूळ प्रकल्पानं घेतले की नाही ह्यावर गुण ठरवू नका, मेंटेनरना उत्तर द्यायला कधी आठवडे लागतात. त्यानं प्रत्येक पॅचच्या वर्णनात काय लिहिलं ते वाचा.

काट्याचं पुढं काय झालं ते राहिलंच. ओळी नीट केल्यावर लॉग शांत झाला. दोन दिवसांनी वजन पुन्हा शून्यावर अडकलं, आणि ह्या वेळी लॉगमध्ये एकच ओळ होती, यंत्राच्या नावासकट, एरर उणे ११०, म्हणजे टाइमआउट. एडीसी कार्डाचा कनेक्टर गाड्यांच्या हादऱ्यांनी ढिला झाला होता. पाच मिनिटांचं काम. हंगाम संपेपर्यंत मला पुन्हा फोन आला नाही.

त्या ड्रायव्हरची मूळ प्रत, सगळ्या ओळींसकट, मी जपून ठेवली आहे. बोर्ड आणि एडीसी कार्डही आहे. कुठल्याही शनिवारी दुपारनंतर मी ते आपल्या लॅबमध्ये घेऊन येईन, मुलांना ओळी काढू द्या आणि काटा का थांबतो ते शोधू द्या. मानधनाची अपेक्षा नाही. आणि त्या खानापूरच्या मुलाचा अर्ज, अजून मुदत असेल तर, कृपया एकदा पुन्हा वाचावा.

आपला,
उद्यमबागेतला एक एम्बेडेड अभियंता
बेळगाव